दोन पाठी

घोडा दुखणं लपवतो. ज्याच्यावर शिकारी जनावरांची नजर असते त्याला उघड लंगडणं परवडत नाही, आणि हजारो वर्षं माणसाच्या पागेत काढूनही त्याची ही सवय गेलेली नाही. कुत्रं कण्हतं. घोडा वैरण खात उभा राहतो. फार तर तंग कसताना मान वळवून दात दाखवतो, डाव्या हाताच्या फेरीत डोकं तिरकं धरतो, अडथळ्यासमोर एकाएकी थबकतो. मग माणसं म्हणतात, खोडकर आहे, अडेल आहे, मस्ती आली आहे. स्यू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यक संशोधिकेने 2018 मध्ये स्वार पाठीवर असताना घोडा दाखवतो अशा 24 लक्षणांची यादी प्रसिद्ध केली. कान मागे धरून ठेवणं, शेपूट फटकारत राहणं, तोंड वारंवार उघडणं, पाय अडखळणं, अशी ही लक्षणं. त्यातली 8 किंवा अधिक दिसली, तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच. यादीतल्या बऱ्याच गोष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘खोड’ म्हणून फटक्याने मोडत आलो. घोड्याचा स्वभाव हे कारण सगळ्यात शेवटी द्यावं, आधी त्याची पाठ बघावी, असं माझं ठाम मत आहे.

मी मूळची माणसांची फिजिओथेरपिस्ट. पुण्यात घोडेस्वारी करणारे बरेच. कंबर धरली म्हणून ते माझ्याकडे येत, बरे होऊन जात आणि पुन्हा तीच बाजू धरून येत. दवाखान्यातल्या टेबलावर त्याचं कारण सापडेना, म्हणून मी तबेल्यात जाऊन त्यांना घोड्यावर बसलेलं बघू लागले. पुढे घोड्यांचं शास्त्र रीतसर शिकले. आता शक्य असेल तिथे स्वार आणि घोडा दोघांना एकत्रच तपासते. घोड्याचं निदान पशुवैद्यकांचं. त्यांनी बघितल्याशिवाय मी कुठल्याही घोड्याला व्यायाम देत नाही. लंगडणाऱ्या पायात हाडाला चीर असेल आणि मी त्याला चढावर चालवत राहिले, तर होणारं नुकसान भरून येत नाही.

तपासणी सुरू होते ती मोतद्दारापासून. घोड्याजवळ दिवसभर असतो तो. मालक रविवारी येतो, प्रशिक्षक तासभर बघतो, खरारा मात्र मोतद्दार करतो. एका वयस्क मोतद्दारांनी मला सांगितलं होतं, “ताई, हा आठवडाभर डाव्या कुशीवर लोळत नाही. लोळतो तो उजवीकडेच, आणि उठून उभा राहतो.” एवढ्या एका वाक्यावर त्या दिवशी माझं अर्धं काम झालं. तरी तबेल्यातल्या बैठकीत या माणसाला कोणी विचारत नाही, याचा मला राग येतो.

मग हात. घोड्याच्या शेवटच्या बरगडीवर बोट ठेवायचं आणि ती वर कुठवर जाते ते बघत पाठीच्या कण्यापर्यंत यायचं. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या, म्हणजे तिथे पाठीचा अठरावा मणका. खोगिराचा भार या रेषेच्या मागे पडता कामा नये, कारण त्यामागे कंबरेचे मणके येतात आणि त्यांना खालून बरगड्यांचा आधार नसतो. मोठ्या माणसासाठी घेतलेलं खोगीर बुटक्या घोड्यावर घातलं की ते सर्रास या रेषेच्या मागे जातं. त्यानंतर मानेच्या मुळापासून कंबरेपर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, बोटांची पेरं हलक्या दाबाने सरकवत न्यायची. निरोगी पाठ दाबाखाली जराशी लवते आणि परत येते. दुखरी पाठ एकतर झपकन खाली बसते किंवा लाकडासारखी ताठ होते. दुसरी जास्त फसवी. ताठ पाठीचा घोडा शांत उभा असतो आणि लोक म्हणतात, बघा, याला काहीच होत नाही.

हे काम मला इतकं का आवडतं, याचं उत्तर एका लहानशा स्नायूपाशी आहे. मल्टिफिडस त्याचं नाव. कण्याला अगदी चिकटून, मणक्यामणक्यांवर आडवे-तिरपे पसरलेले त्याचे तुकडे प्रत्येक मणका आपल्या जागी धरून ठेवतात. तो घोड्यात आहे, माणसातही आहे, आणि दोघांत एकाच तऱ्हेने दगा देतो. ज्युली हाइड्स आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिलं, की कंबरदुखी थांबली तरी रोडावलेला हा स्नायू आपोआप भरून येत नाही; त्याला वेगळा व्यायाम द्यावा लागतो. घोड्यांच्या बाबतीत नॅरेल स्टब्ज, हिलरी क्लेटन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. घोड्यांना आठवड्यातून 5 दिवस, 3 महिने मान वाकवण्या-वळवण्याचे व्यायाम दिले आणि सोनोग्राफीवर मल्टिफिडस जाड झालेला दिसला. दुखणं गेलं म्हणजे माणूस किंवा जनावर बरं झालं, या समजुतीला इतका नेमका छेद दुसऱ्या कशानेही गेलेला मी पाहिलेला नाही.

तो व्यायाम करायला लागतं एक गाजर. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर नीट उभा करायचा. गाजर दाखवत त्याचं तोंड छातीकडे न्यायचं, मग पुढच्या दोन गुडघ्यांच्या मधे, मग तंगाच्या जागेकडे, मग मागच्या कुशीकडे. नंतर तेच दुसऱ्या बाजूने. प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबवायचं, आणि मगच गाजर द्यायचं. हिसका मारून गाजर खाल्लं तर व्यायाम झाला नाही. बघायचं असतं ते तोंडाकडे नाही, पाठीकडे: मान खाली गेली की पाठीचा मधला भाग उचलला जातो, पोटाचे स्नायू आवळले जातात. एका बाजूला तोंड कुशीपर्यंत सहज पोचतं आणि दुसऱ्या बाजूला घोडा मागचा पाय सरकवून पळवाट काढतो, तेव्हा कुठली बाजू धरली आहे ते त्यानेच सांगितलेलं असतं.

अडथळ्यांवर उड्या मारणाऱ्या एका शाळकरी मुलीचं उदाहरण सांगते. मागून पाहिलं की तिचं खोगीर दर फेरीत उजवीकडे घसरलेलं दिसे. प्रशिक्षक ओरडत, वाकडी बसतेस. तीही बिचारी आणखी डावीकडे रेलायची, आणि तिची उजवी कंबर दुखू लागली होती. लिने ग्रेव्ह आणि डायसन यांनी 2013 मध्ये दाखवलं होतं, की सतत एकाच बाजूला घसरणारं खोगीर हे मागच्या पायातल्या लंगडेपणाचं लक्षण असू शकतं. नुसत्या डोळ्याला न कळण्याइतक्या बारीक लंगडेपणाचंसुद्धा. पशुवैद्यकांनी भुलीची सुई देऊन एकेक सांधा बधिर करत तपासलं. मागच्या उजव्या पायाच्या मधल्या सांध्यात, ज्याला हॉक म्हणतात तिथे, दुखणं निघालं. तो सांधा बधिर असताना तीच मुलगी त्याच खोगिरावर बसली आणि खोगीर जागच्या जागी राहिलं. त्या वेळचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. आपण वाकडे नव्हतो, हे तिला पहिल्यांदा कोणीतरी दाखवलं होतं.

मात्र घोडा बरा झाला तरी मुलगी लगेच सरळ बसेना. महिनोन्‌महिने तिरक्या पाठीवर तोल सावरताना तिच्या कमरेने तोच तिरकेपणा शिकून घेतला होता. एका पायावर उभं राहणं, मोठ्या चेंडूवर बसून कटी पुढे-मागे, डावी-उजवीकडे फिरवणं, मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू ताणणं, असे तिचे व्यायाम घोड्याच्या उपचारापेक्षा जास्त दिवस चालले. तिच्याकडे लक्ष दिलं नसतं, तर तिने तो तिरकेपणा घोड्याला परत दिला असता. चालणाऱ्या घोड्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाची कटी आपण स्वतः चालताना हलते जवळजवळ तशीच तिन्ही दिशांनी हलते, आणि ही देवाणघेवाण दोन्हीकडून होते. याच गुणाचा उपयोग करून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना घोड्यावर बसवतात. पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय लुळे पडलेली डेन्मार्कची लिस हार्टेल आधार घेऊन घोड्यावर चढायची. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं.

शर्यतीच्या घोड्यांचं जग वेगळं. मुंबईचा हंगाम थंडीतला, पुण्याचा पावसाळ्यातला, त्यामुळे घोडे दरवर्षी घाटातून ट्रकने जातात-येतात. वळणांवर आणि ब्रेकवर तोल सावरत उभं राहायचं म्हणजे चार तासांचा व्यायामच, तोही मान बांधलेली असताना. उतरल्यावर मोकळी मान खाली घालून चालू द्यावं, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ फरक पडतो. आणि जॉकी? आखूड रिकिबीत गुडघे वाकवून तो खोगिराला न टेकता अधांतरी असतो. थिलो फाउ आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं, की या बैठकीमुळे घोड्याला स्वाराचं वजन वाहावं लागतं, पण प्रत्येक झेपेला ते पुढे-मागे ढकलावं लागत नाही; 1900 च्या सुमारास ही पद्धत रूढ झाली आणि शर्यतींच्या वेळा 5 ते 7 टक्क्यांनी सुधारल्या. घोड्याचे वाचलेले कष्ट जॉकीच्या मांड्या आणि पाठ सोसतात. घोड्यावर लाखो रुपये खर्च होतात तिथे जॉकीच्या पाठीसाठी माणूस नेमलेला नसतो, हे मला पटत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला क्लबातल्या शिकवणीच्या घोड्यांची वाटते. पूर्वी शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई आणि बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे. आजचे बहुतेक शिकाऊ स्वार बारगीर आहेत. दिवसभर खुर्चीत बसून मांडीचे पुढचे स्नायू आखडलेला संगणक अभियंता सकाळी सहाला येतो, त्याच्यामागून एक शाळकरी मुलगा, त्याच्यामागून आणखी कोणी. प्रत्येकाचा वाकडेपणा निराळा, पाठ मात्र एकाच घोड्याची. दुडकीत उठ-बस करताना नवखे स्वार नेहमी एकाच पायाच्या तालावर उठतात. दिशा बदलली की ताल बदलायचा हे कोणी बजावत नाही. सगळे डावीकडूनच चढतात, म्हणून डाव्या रिकिबीचा पट्टा हळूहळू लांबतो, आणि पुढचा स्वार नकळत तिरका बसतो.

माथेरानला पर्यटकांना वाहणाऱ्या घोड्यांचंही तेच, फक्त ओझं जास्त. खोगिरासकट घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत भार, असा एक सर्वसाधारण नियम धरतात; साडेतीनशे किलोचं तट्टू असेल तर 70 किलो. पर्यटक घोड्यावर बसतात त्या दस्तुरी नाक्यावर हे गणित कोणी मांडत नाही. घोडेवाल्याला दोष देऊन भागणार नाही, त्याचं घर त्या घोड्यावर चालतं. पर्यटकाने स्वतःचं वजन मनात धरून पायी निघावं, हे जास्त सोपं.

लेझर आणि चुंबकी पट्ट्यांच्या यंत्रांबद्दल मालक मला हमखास विचारतात. काहींचा उपयोग होतो, मीही करते. पण यंत्र लावून घोडा त्याच खोगिराखाली, त्याच स्वाराखाली परत जाणार असेल तर ते पैसे खोगीर दुरुस्तीवर घालवावेत.

तुमचा घोडा असेल किंवा तुमचं मूल क्लबात शिकत असेल, तर एवढं करा. चढायला ओटा किंवा स्टूल वापरा, जमिनीवरून रिकिबीत लोंबकळू नका. रिकिबींच्या डाव्या-उजव्या पट्ट्यांची महिन्यातून एकदा अदलाबदल करा. घोड्याचं अंग ऋतूप्रमाणे भरतं-उतरतं, तेव्हा वर्षातून निदान दोनदा खोगीर जाणकाराकडून तपासून घ्या. स्वाराची कंबर दुखली तर घोड्याची पाठ बघा, आणि घोडा अडला तर स्वाराची. पण सुरुवात मोतद्दारापासून करा. हा कुठल्या कुशीवर लोळतो, असं त्याला विचारा.