धान निंघू द्या

आरमोरीकडचा शेतकरी, वय बावन्न. कमरेचा पट्टा सोडून त्याने माझ्या टेबलावर ठेवला. इलॅस्टिक लोंबलेलं, शिवणीत बांधीतला चिखल सुकलेला. वर्षभर तो पट्टा आणि दुखण्याच्या गोळ्या यांवर त्याने शेती ओढली होती. हिमोग्लोबिन सात. आमच्याकडे रक्त कमी दिसलं की आधी सिकलसेल आठवतो, ते बरोबरच आहे. पण पन्नाशीनंतर पाठदुखी आणि रक्तक्षय जोडीने आले, की रक्तातली प्रथिनं आणि क्रिएटिनिन तपासल्याशिवाय मी रुग्णाला सोडत नाही. त्याच्या कवटीच्या एक्स-रेत भोकंच भोकं होती. मल्टिपल मायलोमा, अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग.

बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोनच्या गोळ्या, जमलं तर डाराटुमुमॅब. सुरुवात अशी ठरलेली असते. पेच पुढे आहे. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, मेल्फालानचा मोठा डोस द्यायचा आणि त्या परत चढवायच्या; पण कधी? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या डिटरमिनेशन चाचणीत लगेच प्रत्यारोपण झालेल्यांचा आजार मध्यकाने ६७ महिने आटोक्यात राहिला, इतरांचा ४६. एकूण आयुष्यात मात्र तोवर फरक दिसला नव्हता. मी त्याला दोन्ही सांगितलं. आजार मुळासकट जात नाही, हेही.

तो बोटांच्या पेरांवर महिने मोजत राहिला. मग म्हणाला, “धान निंघू द्या साहेब, मंग जाऊ.”

पूर्वी मी हट्ट धरला असता. आता तसं करत नाही. मेल्फालाननंतर दोनेक आठवडे पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. घरी आल्यावरही कित्येक महिने साधा ताप आला तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो. आणि पावसाळ्यात इथे मलेरिया असतो, पुराने गडचिरोली-आरमोरी रस्ता बंद पडतो. त्याचं गणित चुकीचं नव्हतं.

माझी अट एकच होती. लेनालिडोमाइड फार महिने चाललं की मूळपेशी नीट निघत नाहीत. म्हणून औषधांच्या चार सायकलनंतर पेशी काढून गोठवून ठेवायच्या. आपल्या देशात बरीच केंद्रं त्या चार अंशांवर ठेवून दोन-तीन दिवसांत परत देतात. तिथे थांबण्याचा पर्यायच उरत नाही. त्यामुळे रुग्णाला पाठवण्याआधी फोनवर मी पहिलं हेच विचारतो, “पेशी गोठवता का?”

त्याच्या पेशी जूनमध्ये निघाल्या. औषधं चालू ठेवली. धान नोव्हेंबरात निघालं, आणि डिसेंबरात तो नागपूरला दाखल झाला.