कर्जाचा अर्ज

नन म्हटलं की कॉन्व्हेंट शाळा, दवाखाना आणि अनाथाश्रम, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर यायचं. सेवा खरी, पण ती मलमपट्टी. जखम करणाऱ्याच्या वाटेला या बायका जात नाहीत, असं माझं पक्कं मत होतं. ‘यामागं धर्मांतर असणारच’ हा ठरलेला शेराही मी चहा पिता पिता कितीदा मारला आहे.

हे मत सिस्टर राणी मारियांमुळे बदललं. भक्तिभाव वगैरे काही नाही. माझी नोकरी बँकेतली, म्हणून.

त्या मूळच्या केरळातल्या पुल्लुवळीच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघातल्या. १९९२ मध्ये मध्य प्रदेशातल्या उदयनगरला आल्या. तिथले आदिवासी शेतकरी सावकाराच्या कर्जात रुतलेले. सिस्टरांनी त्यांना सरकारी योजना समजावल्या, बँकेतून कर्ज कसं काढायचं ते शिकवलं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण खेड्यातल्या शाखेत खुर्ची उबवलेल्या माणसाला विचारा! कुठले कागद लागतात, साहेबासमोर काय बोलायचं, हे गरिबाला ठाऊक नसतं आणि त्याच्या या अडाणीपणावरच सावकाराची पेढी चालते. बँकेचं कर्ज मिळालं की गिऱ्हाईक तुटलं. मग व्याजाचं व्याज नाही, गहाणाची जमीन नाही, कर्जापोटी राबणारे हात नाहीत. असे अर्ज मी आयुष्यभर टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले. ते कर्ज मिळवून देण्यापायी बाहेर कुणाचा जीव जाऊ शकतो, हे कधी मनातही आलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांदेखत, एकाने त्यांच्यावर चाकूचे वार केले. त्या ४१ वर्षांच्या होत्या. धर्मांतराचा आरोप त्यांच्यावरही होताच. तो कुणाच्या सोयीचा होता, हे आता मला दिसतं. माझा शेरा तेव्हापासून बंद आहे.

पुढची गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ मध्ये रक्षाबंधनाला तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधून आली. कुटुंबाने माफी दिली, २००६ मध्ये तो सुटला. आपल्याला चिथावलं गेलं, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. त्याला माफ करणं हा त्या घराचा अधिकार. चिथावणाऱ्यांचा राग मला अजून येतो, आणि तो सोडायची माझी तयारी नाही.