स्टारची बाजू

काही आईबाबा वाईट नसतात, फक्त बेभरवशाचे असतात. आणि खरं सांगायचं तर मुलांसाठी हे जास्त कठीण. वाईट माणसापासून लांब राहायचं, एवढं कुठलंही पोर पटकन शिकतं. पण बेभरवशाच्या माणसाचं काय? महिन्यातून एखादा दिवस तो इतका झकास वागतो, की वाटतं, चला, आता सगळं ठीक झालं!

जॅकलिन विल्सन या ब्रिटिश लेखिकेची ‘दि इलस्ट्रेटेड मम’ ही कादंबरी अशाच एका आईची गोष्ट आहे. १९९९ साली आलेल्या या पुस्तकाला २००० मध्ये ‘गार्डियन’चं बालसाहित्याचं पारितोषिक मिळालं. दुकानात ते लहान मुलांच्या शेल्फवर असतं, आत निक शॅरटची गोड चित्रंही आहेत. त्या चित्रांवर जाऊ नका. आतला मामला सॉलिड गंभीर आहे.

मॅरिगोल्ड तिशी ओलांडलेली आहे, अंगभर टॅटू काढलेली. प्रत्येक टॅटूमागे एक आठवण. तिला दोन मुली, टीनएजर स्टार आणि धाकटी डॉल्फिन. दोघींचे बाप वेगळे आणि दोघेही गायब. मॅरिगोल्ड मूडमध्ये असली की तिच्यासारखी आई जगात नाही. गोष्टी काय सांगेल, रात्र रात्र जागून केक काय करेल, पैसे काय उधळेल! आणि मूड गेला की दारू आणि रडणं. कधी कधी तर रात्री घरीच येत नाही. मग धाकटीला सांभाळायचं, घर चालवायचं, बाहेर कुणाला सुगावा लागू द्यायचा नाही, हे सगळं स्टारकडे. कारण कळलं तर आपल्याला वेगळं करतील, ही धास्ती.

आणि एक दिवस स्टारचा बाप सापडतो. शहाणा, सरळ माणूस. स्टार बॅग भरते आणि त्याच्याकडे निघून जाते. डॉल्फिन आईपाशीच राहते.

मी हे पुस्तक वाचलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सांगलीहून पुण्याला मास कॉमला आलेली. रूमवर तीन मुलींनी ते आळीपाळीने वाचलं आणि निकाल लागला : स्टार सेल्फिश आहे. दोन विरुद्ध एक. स्टारची वकिली करणारी मी एकटीच.

कारण आमच्या घरी बाबा होते. प्रेमळ, हसरे, गल्लीत सगळ्यांचे लाडके. दर दोन वर्षांनी नवा धंदा, दर वेळी ‘या खेपेला बघच तू!’ क्लासवरून न्यायला येतो म्हणायचे आणि मी अंधार पडेपर्यंत गेटवर उभी. आणि एखाद्या रात्री अकरा वाजता कुल्फी घेऊन यायचे, आम्हा भावंडांना झोपेतून उठवायचे, गाणी म्हणायचे. त्या कुल्फीचा राग कसा करणार? पण ती उधारीवर आणलेली असायची, आणि दुसऱ्या दिवशी दारात आलेल्या माणसाला ‘बाबा घरी नाहीत’ हे मीच सांगायचे. आई नोकरी करून दमायची. म्हणून विजेच्या बिलाची तारीख चौदाव्या वर्षी मला पाठ होती.

पुण्याला आल्यावर धाकट्या भावाचा फोन यायचा, ‘ताई, बाबा अजून आले नाहीत.’ मी इथून काय करणार होते? मी त्याला एवढंच म्हणायचे, जेव आणि झोप. फोन ठेवल्यावर मला स्वतःला झोप यायची नाही, ते वेगळं.

लहान वयात आईबापाचं आईबापपण मुलानेच निभावायचं, याला मानसशास्त्रात ‘पॅरेंटिफिकेशन’ म्हणतात. अशी मुलं मोठी होऊन कुठे जातात? तुमच्या ऑफिसात बघा ना. जिला काम सोपवलं की टेन्शन नाही, जी प्रत्येक फाइलच्या तीन कॉप्या ठेवते, तुम्ही ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणालात की जी मनात एक तास धरते, ती! अप्रेझलमध्ये तिला ‘रिस्पॉन्सिबल’ म्हणतात. ती हे कुठे शिकली, ते कुणी विचारत नाही.

विल्सनबाईंचं मोठेपण हे, की त्या मॅरिगोल्डला खलनायिका करत नाहीत. स्टार गेल्यावर ती कोसळते, टॅटू झाकायला पांढऱ्या रंगाने स्वतःला रंगवून घेते आणि हॉस्पिटलात पोचते. तिथे कळतं की हा आजार आहे. आज त्याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. पण आजार आहे म्हणून मुलींचे ते दिवस परत मिळत नाहीत, हेही पुस्तक लपवत नाही. शेवटी मॅरिगोल्ड बरी होऊन घरी येत नाही. दोघी बहिणी तिला भेटायला जातात, बस. प्रेम आहे आणि रागही आहे. दोन्ही खरं.

माझ्या बाबांना काय होतं, मला माहीत नाही. आमच्याकडे कुणी कधी डॉक्टरकडे गेलंच नाही. ‘स्वभावच तसा’ म्हणून विषय संपायचा. आता २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर तरी आहे. घरातल्या माणसासाठी तुम्हीही तो फिरवू शकता.

आणि रूममेट्सना तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं, ते आता सांगते. स्टार आईला सोडून जात नाही. ती एका नोकरीचा राजीनामा देते, जी तिने कधी मागितलीच नव्हती. मुलगी ती राहतेच. भाऊ आता बेंगळुरूला असतो. परवा त्याला हे पुस्तक कुरिअर केलं. त्याचा मेसेज आला, ‘ताई, मी डॉल्फिन का?’ मी लिहिलं, ‘आधी पूर्ण वाच, मग भांडू.’