दीन आणि दिन

मी घरी बसून प्रुफं तपासते. गेल्या वर्षी एका चरित्रातल्या ‘दीनांचा कैवारी’ या प्रकरणाच्या नावातला ‘दी’ ऱ्हस्व पडला आणि तो माझ्या नजरेतून सुटला. तोही शीर्षकात, ठळक टाइपात. पुस्तक छापून आल्यावर लेखकांचा फोन आला. रागावले नाहीत. “असं कसं झालं हो, ताई?” एवढंच म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही. ते पान वाचताना माझं मन तिथे नव्हतंच.

दिनचर्या सुधारायची, असं त्याच दिवशी ठरवलं आणि पहाटे पाचचा गजर लावला. झोपायची वेळ मात्र रात्री बाराचीच राहिली. चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता प्रुफांवरच डोकं टेकलं. आईने उठवलं. “उठायची वेळ अलीकडे आणलीस, निजायची कोण आणणार?” म्हणाली. एवढी साधी वजाबाकी मला सुचली नव्हती.

मग पोमोदोरो पद्धतीबद्दल वाचलं. इटालियन भाषेत पोमोदोरो म्हणजे टोमॅटो. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास केला, त्यावरून हे नाव पडलं. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं विश्रांती. अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. मी फोनवर २५ मिनिटं लावायला गेले आणि घरच्या ग्रुपवर आलेले बारशाचे फोटो बघत बसले. वेळ लावायचीच राहून गेली.

दुसऱ्या दिवशी फोन आतल्या खोलीत ठेवला आणि कपाटातून बाबांचं चावीचं घड्याळ काढलं. या पद्धतीत एक गोष्ट मला फार आवडली. मन भरकटलं की कागदावर स्वल्पविरामासारखी एक खूण करायची आणि परत कामाला लागायचं. खुणा करणं हा तर माझा धंदा! पहिल्या फेरीत अकरा खुणा झाल्या. गॅस बंद केला का, वीजबिल भरलं का, कुणाचा मेसेज आला असेल का. दुसऱ्याच्या पानावरच्या चुका मी वीस वर्षं शोधतेय; स्वतःच्या लक्षाचं प्रूफ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

खुणा आठवडाभर कमी होईनात. रात्री साडेबारापर्यंत डोळा लागत नव्हता आणि सकाळी डोकं जड. भाची फार्मसी शिकते. तिने आधी विचारलं, “मावशी, शेवटचा चहा किती वाजता घेतेस?” मी म्हटलं, जेवणानंतर, नऊला. तिने समजावलं ते मला असं कळलं: जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, म्हणजे झोपेची उधारीच. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं. उधारी फिटत नाही, फक्त तगादा ऐकू येत नाही. आणि कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे नऊच्या चहाचा अर्ध्याहून जास्त अंमल मध्यरात्रीही माझ्या अंगात असायचा आणि मी दोष देत होते उशीला.

आता शेवटचा चहा दुपारी तीनला. पहिले तीन दिवस डोकं ठणकलं, मग थांबलं. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत उजेडात उभी राहते, कारण शरीरातलं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून लागतं. त्या घड्याळामागच्या जनुकांचा शोध घेणाऱ्या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं, हेही भाचीनेच सांगितलं. पाच मिनिटांच्या विश्रांतीत फोन बघितला की पुढची फेरी वाया जाते. त्याऐवजी कुंड्यांना पाणी घालते.

सकाळच्या फेरीत हल्ली तीन-चार खुणा होतात. दुपारी दोन ते चार मात्र काही केल्या जमत नाही. त्या वेळात मी फक्त पानांचे क्रमांक तपासते. प्रकरणांची शीर्षकं सकाळसाठी राखून ठेवते.