खून नसलेला थरार

राजकीय थरारकथांचं वेड आमच्या घरात दोघींना आहे. मुलगी मोबाइलवर मालिका बघते, मी पुस्तकं वाचते. मालिकांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. भ्रष्ट मंत्री पहिल्याच भागात ओळखू येतो, शेवटच्या भागात एखादा शूर अधिकारी त्याला बेड्या ठोकतो आणि आपण निवांत झोपतो.

अरुण साधू असं झोपू देत नाहीत. ते स्वतः पत्रकार होते, त्यामुळे सत्तेच्या आतल्या खोल्या त्यांनी जवळून पाहिलेल्या. त्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून डॉ. जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ चित्रपट केला; पटकथा विजय तेंडुलकरांची. आपल्या इंदूरच्या मुलांपैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी एकदा जरूर पाहा. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची खेचायला टपलेले अर्थमंत्री डॉ. श्रीराम लागू. आणि निळू फुले चक्क पत्रकार, दिगू टिपणीस! आमच्या पिढीला ते ‘पाटील’ म्हणूनच आठवतात. या दिगूला आतलं सगळं कळतं, पण कळून करता काहीच येत नाही.

चित्रपट संपल्यावर मुलीने विचारलं, “पण आई, पकडलं कोणाला?”

कोणालाच नाही. भीती वाटते ती त्याचीच. कोण कोणाच्या बाजूला याचे हिशेब होतात, पदं वाटली जातात, आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चालतं ती साधी माणसं कडेला उभी असतात.

कडेला उभं राहणं म्हणजे काय, ते मला सासरे गेल्यावर समजलं. घर सासूबाईंच्या नावावर करायचं होतं. कागद पूर्ण होते. एका सरकारी कार्यालयात आठ महिने एकच उत्तर मिळालं, “फाइल वर गेली आहे.” बाहेरच्या दलालाने चहापाण्याचा आकडा सांगितला. सासूबाई म्हणाल्या, “ह्यांनी एक एक वीट पैसे साठवून घेतली. त्या घरासाठी मी लाच देणार नाही.”

मग माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रश्न चारच विचारले: फाइल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर आली, तिथे किती दिवस राहिली, का राहिली, आणि नियमात मुदत किती?

असा अर्ज दर वेळी इतका साधा नसतो. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी याच कायद्याच्या आधारे जमिनींचे गैरव्यवहार उजेडात आणत होते. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. आमचा प्रश्न एका घरापुरता होता, तरी अर्ज दिल्यावर आठवडाभर दाराची बेल वाजली की मी दचकत होते.

सव्विसाव्या दिवशी पाकीट आलं. नामांतरण झालं होतं. तारखाही दिल्या होत्या. फाइल का थांबली, या प्रश्नासमोर फक्त एक आडवी रेघ होती.

मुलीने ती रेघ बराच वेळ पाहिली. सासूबाईंनी कागद घडी करून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला आणि विचारलं, “वीजबिलावर अजून ह्यांचंच नाव आहे ना? तो अर्ज कुठे मिळतो?”