पायरीवरचे खिळे

मुंबईच्या फोर्ट भागात २०१८ साली एका बँकेने आपल्या शाखेबाहेर टोकदार लोखंडी खिळे बसविले. तेथे कोणी बसू वा निजू नये, हा हेतू. लोकांनी तीव्र नापसंती दर्शविताच ते काढण्यात आले.

बँकेला दोष देणे सोपे आहे; परंतु बाजारपेठेतील अनेक दुकानांच्या पायऱ्यांवरही तशाच पट्ट्या दिसतात. व्यापाऱ्याची अडचण खोटी नाही. सकाळी पायरीवर घाण आढळली, की गिऱ्हाईक बिचकते. मात्र घाण करणारा कोण आणि निव्वळ थकलेला कोण, हे खिळ्याला कळत नाही. रात्री बेघराला उठविणारा खिळा दिवसा हमालाला आणि वृद्ध गिऱ्हाइकालाही टेकू देत नाही.

याच मुंबईत १८३४ साली व्यापाऱ्यांच्या दानातून निराश्रित जनावरांसाठी पांजरपोळ उभी राहिली. आजही अनेक घरांच्या गच्चीवर पाखरांसाठी पाणी ठेवले जाते. मुक्या जिवांसाठी पुढे होणाऱ्या हातांनी माणसाच्या निजेच्या जागी खिळे ठोकावेत, हे शोभत नाही.

दुकान बंद झाल्यावर पायरीचा मालकाला उपयोग नसतो. सकाळी झाडू आणि बादलीभर पाणी पुरते. त्याने पायरी स्वच्छ होते. खिळ्यांनी ती केवळ रिकामी राहते.