दुखत नाही, मग बरंय?

अंगावर गाठ आली की आपले प्रश्न दोनच. कॅन्सर आहे का? दुखतेय का? दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं की विषय संपला. माझ्या काकांच्या बाबतीत तो संपला नाही.

काकांच्या उजव्या हाताची बोटं मुळापासून उचलली जाईनात. पेटीवादन बंद पडलं. दुखत मात्र काहीच नव्हतं. एमआरआयमध्ये कोपराच्या जरा खाली, रेडियस हाडाला लागून लायपोमा निघाला, म्हणजे चरबीची साधी गाठ. आम्ही हुश्श केलं. सर्जन म्हणाले, "गाठ साधी आहे, जागा साधी नाही."

तिथून पोस्टिरियर इंटरऑसियस नावाची नस सुपिनेटर स्नायूच्या दोन थरांमधून जाते. बोळ अरुंद, त्यात ही गाठ. बोटं उघडायचा हुकूम ही नस पोचवते, पण त्वचेची संवेदना तिच्याकडे नसतेच. म्हणून ना मुंग्या, ना बधिरपणा. आमच्या भाषेत, सर्व्हर डाऊन आणि अलार्म एकही नाही!

ऑपरेशनमध्ये आधी नस शोधून सांभाळतात, मग गाठ अख्खी काढतात. पण हात लगेच चालेलच असं नाही. दाबाने नसेचे तंतू मेले असतील तर ते पुन्हा वाढतात दिवसाला साधारण १ मिलिमीटर. आणि स्नायू काही कायम वाट बघत नाही. वर्ष-दीड वर्ष हुकूमच आला नाही तर तो वाळतो, मग गाठ काढूनही फारसा उपयोग नाही.

तेव्हा मंडळी, तिसरा प्रश्नही विचारा: हात पूर्वीसारखा चालतोय का?